युसूफचाचांची गाडी आणि सुटी वायर

आधी माफी मागतो. इथे लिहिणारे सगळे मुरलेले लोक, आणि मी मेकॅनिकलच्या तिसऱ्या वर्षाला असलेला साधा विद्यार्थी. आमच्या घरात कॉलेजची पायरी चढलेला मीच पहिला. असल्या गोष्टींवर माझा कधीच विश्वास नव्हता... आणि आता आहे म्हणायलाही जीभ रेटत नाही.

सुट्टीत मी कुवेतला अब्बांकडे गेलो होतो. तिथल्या सबाह अल-सालेम भागात अब्बा, सावंतकाका आणि युसूफचाचा एकाच खोलीत राहायचे. चाचा ड्रायव्हर. ते रजेवर गावी आले आणि तिथेच त्यांना लकवा झाला. डावी बाजू गेली, वाचाही गेली. त्यांची जुनी जपानी गाडी बिल्डिंगशेजारच्या वाळूच्या मोकळ्या जागेत उभी होती. ती विकून उपचाराला पैसे पाठवायचे ठरलं होतं. पण गाडीला वाटलं तर ती चालू व्हायची, नाहीतर नुसतं ‘टक’ करून गप्प. गिऱ्हाईक यायचं आणि हसून जायचं.

“तुका कॉलेजात शिकवतत तरी काय?” सावंतकाका चिडवायचे.

“फॉल्ट शोधायला, काका.”

“मगे शोध! काय त्याचो वेगळो कोर्स आसा?”

“गप रे सावंत,” अब्बा म्हणायचे, “अर्धा इंजिनियर झालाय तो.”

“होय, पण गाडी अख्खी आसा!”

शुक्रवारी अब्बा जुम्म्याची नमाज पढून आले, मग जेवण उरकून दोघं आडवे झाले. मी पाना आणि गाडीची चावी घेऊन खाली गेलो. बॅटरीच्या टर्मिनलवर पांढरी बुरशीसारखी भुकटी साचली होती, म्हणून घासायला निगेटिव्ह वायर काढून बाजूला वळवून ठेवली. मोबाइल आणि पाना तिथेच, बॉनेटखाली. इतक्यात धुळीचं वादळ आलं. समोरची बिल्डिंग दिसेनाशी झाली. मी चटकन ड्रायव्हरच्या सीटवर शिरलो आणि दार ओढून घेतलं.

इथे चूक झाली. त्या दाराचं आतलं हँडल तुटलेलं होतं. चाचा काच खाली करून, हात बाहेर घालून दार उघडायचे. जुन्या गाड्या वापरणारे तिथे असंच निभावतात. पण काच बटणावर चालणारी, आणि वायर तर मीच काढलेली! पलीकडचं दार जुन्या ठोकरीने चेपून जाम झालेलं, मागच्या दोन्ही दारांना चाइल्ड लॉक. हॉर्न दाबला – मुका. मागे जाऊन काचेवर लाथा मारल्या, पुन्हा पुढे येऊन कोपर मारलं. ओरडलो, पण उन्हाळ्याच्या दुपारी, त्यात धुळीत, रस्त्यावर असणार कोण? खिडक्या बंद, सगळीकडे एसीची घरघर...

स्टिअरिंगला हात लावला तर चटका बसत होता. आधी धो धो घाम आला, मग घाम यायचा थांबला, तेव्हा खरी भीती वाटली. अम्मीला कोण कसं सांगेल, हेच डोक्यात येत राहिलं. श्वास आत जायचा पण पुरायचा नाही. मी चावी लावली, दोन्ही हातांनी धरली आणि फिरवली. काही होणार नाही हे मला पक्कं माहीत होतं. दुसरं करण्यासारखं काही उरलंच नव्हतं.

गाडी चालू झाली.

नेहमीची ‘टक’ नाही, काही नाही. पहिल्याच फटक्यात. आणि माझ्या डाव्या हाताची काच सरसर खाली गेली. बटण तिथेच, दारावर असतं. पण माझे दोन्ही हात चावीवर होते... एवढं मी शपथेवर सांगू शकतो.

मी खिडकीतूनच बाहेर पडलो. मला शोधायला तोंडाला टॉवेल बांधून खाली उतरलेले सावंतकाका इंजिनाचा आवाज ऐकून धावत आले. मला सावलीत ओढलं, पाणी पाजलं, मग बॉनेटमध्ये डोकावले.

“अरे, ही वायर तर भायर आसा!” ते म्हणाले. “मगे गाडी चालू कशी झाली?”

इंजिन तेवढ्यात बंद पडलं. चालू असलेली गाडी बॅटरीशिवाय थोडी चालू शकते, ते मी समजू शकतो. पण मुळात स्टार्टर फिरला कशावर? परत आल्यावर कॉलेजातल्या सरांना विचारलं. ते म्हणाले, उन्हाने भ्रम झाला असेल. मग वायर सुटलेली सावंतकाकांनी पाहिली, ती कशी?

त्या गडबडीत गावाहून (तिथलं घड्याळ कुवेतच्या अडीच तास पुढे) चाचीचा फोन येऊन गेला होता, तो कुणीच उचलला नाही. नंतर अब्बांनी लावला. आमच्यावर काय ओढवलं होतं ते त्यांनी सांगितलं नाही, चाचीला आधीच कमी काळजी होती का? फोन स्पीकरवर होता. चाची एकाच वेळी रडत होती आणि हसत होती.

“भाईजान, मघाशी चहाच्या वेळी यांचा डावा हात हलला! डॉक्टरांनी आशा सोडलेला हात. खाटेच्या कडेवर बोट असं दाबून धरलं होतं, मी काढायला गेले तरी सोडेनात...”