सातव्या विषयाला खोकला

येतेकीकाका सीटखाली बाटली ठेवतात, ही बातमी आमच्या छोट्या शहरात नळाच्या पाण्यापेक्षा नियमित येते. पुरावा एकच. पालिकेची कर्णा लावलेली तीनचाकी गल्लीच्या तोंडाशी थांबते, काका माइकवरून काय ते सांगतात, मग इंजिन बंद करून मान खाली घालतात आणि बराच वेळ तसेच बसून राहतात. "घोट घेतोय," असं कोपऱ्यावरचा न्हावी गिऱ्हाइकाच्या गळ्यावर वस्तरा धरून सांगतो, त्यामुळे नाही म्हणायची कुणाची छाती होत नाही.

बाटली आहे, हे खरं. तिच्यात मिठाचं कोमट पाणी असतं, घशासाठी. आणि मान खाली घालून काका पीत नसतात, ऐकत असतात.

ही सवय त्यांना आधीच्या दवंडीवाल्यानं लावली. तो म्हातारा सायकलवरून हिंडायचा. जाताना काकांना त्यानं धंद्यातलं एकच गुपित दिलं: सांगून झालं की पळायचं नाही, थांबायचं, ज्याला ऐकू आलं नसेल तो विचारेल. तेव्हा लोक विचारायचेही. दारं उघडायची, बायका ओल्या हातांनी बाहेर यायच्या, पाणी सकाळी की संध्याकाळी यावर दोन घरांत भांडणं लागायची आणि ती काकांनाच सोडवावी लागायची. आता ज्याच्या त्याच्या खिशात फोन आहे. काका अजून थांबतात, कुणी विचारत नाही एवढं ऐकून घेतात आणि किल्ली फिरवतात.

नाव त्यांना पडलं ते "सर्व नागरिकांना कळविण्यात येते की" यावरून. हा शेवटचा "की" ते इतका लांबवतात, की त्यावर चार चादरी वाळत घालाव्यात. आवाज सगळ्यांच्या ओळखीचा, माणूस कुणाच्याच नाही. दुकानात त्यांनी साखर मागितली की माणसं दचकून मागं वळतात आणि पाणी कधी येणार म्हणून विचारतात. साखरेचं राहूनच जातं.

घरी ते बोलत नाहीत. आमच्याच वरच्या मजल्यावर त्यांची एक खोली आहे. खाट, स्टोव्ह, आणि खिळ्याला टांगलेली बायकोची पर्स, जिची चेन ती गेल्यापासून कुणी उघडलेली नाही. लांबच्या शहरातली मुलगी रविवारी फोन करते आणि पहिल्याच वाक्याला म्हणते, "बाबा, हळू बोला ना, मी काय चौक आहे?" मग काका इतकं हळू बोलतात की तिला ऐकू येत नाही. ती "हॅलो हॅलो" करते, काका "हो हो" करतात, आणि बापलेकीचं बोलणं संपतं.

साऱ्या शहरात त्यांना उत्तर देणारं एकच माणूस होतं. शेवटच्या गल्लीतल्या तळघरवजा खोलीत एक शिंपीणबाई राहतात. डोळे जवळजवळ गेलेत, पण हातांना शिवण पाठ आहे. काकांचं सांगून झालं की त्यांचं मशीन थांबतं आणि पडद्याआडून आवाज येतो, "कळलं हो!" झालं. मशीन पुन्हा सुरू, गाडी पुन्हा सुरू. वर्षानुवर्षं एवढंच संभाषण. काका कधी खाली उतरले नाहीत. शर्टाचं बटण तुटलं तर स्वतः वाकडंतिकडं टाचतात, पण तिकडे नेत नाहीत. अख्ख्या शहराशी बोलायला त्यांना काही वाटत नाही. एका माणसाशी काय बोलायचं, याचा मात्र त्यांना घाम फुटतो.

मी त्यांची नक्कल करते. न्हाव्याचीही करते, आईचीही करते, पण काकांची अशी करते की लोक बादल्या घेऊन बाहेर येतात. एकदा त्याच गल्लीत, भिंतीआड उभी राहून, मी पाणी बंद असल्याचं जाहीर केलं. गल्ली फसली. मशीन थांबलं, पण "कळलं हो" काही आलं नाही. जरा वेळानं ते पुन्हा चालू झालं.

तर, पालिकेची सभा येत्या सोमवारी आहे. सभेपुढचे विषय आधी गल्लोगल्ली वाचून दाखवायचे, ज्याला हरकत असेल त्यानं सभेपूर्वी स्वतः येऊन नोंदवायची, असा आमच्याकडचा रिवाज. भाजीबाजार बसथांब्यामागं न्यायचा, मुख्य रस्त्यावर एकाच बाजूला गाड्या लावायच्या, असे आठ विषय होते. त्यातला सातवा असा: यापुढे सर्व सूचना फोनवर पाठवाव्यात व कर्ण्याची गाडी बंद करावी.

कागद देताना पालिकेतला कारकून काकांच्या डोळ्यांत बघेना. सातवा नाही वाचला तरी चालेल, कोण मोजतंय, असं तो टेबलाला सांगत होता.

"मग सहा आणि आठच्या मध्ये काय करू," काका म्हणाले, "खोकू?"

ही हकिकत कारकुनानंच चहाच्या टपरीवर सांगितली आणि ती आमच्या जिन्यापर्यंत आली. त्या संध्याकाळी काका अंगणात कर्णा पुसत होते. मी म्हटलं, काका, पैज. सातव्याला तुम्ही खोकणार. काकांनी फडकं झटकलं. हरलीस तर मी सांगेन ते करायचं, म्हणाले. मी जिंकले तर मला एक गल्लीभर माइक हवा होता. त्यांनी मान हलवली.

दुसऱ्या दिवशी मी सायकलवरून मागोमाग फिरले. काकांनी सातवा विषय भाजीबाजारासारखाच वाचला. ना आवाज चढला, ना पडला. प्रत्येक गल्लीत इंजिन बंद केलं, मान खाली घातली, ऐकलं. एका गच्चीवरून कुणीतरी गाडी कुठे लावायची ते विचारलं. सातव्याचं कुणीच नाही. न्हाव्याच्या दुकानातून हसू आलं, तेवढंच.

शेवटची गल्ली आली. आठवा विषय संपला. मशीन थांबलं. काका मान खाली घालून बसले. काही आलं नाही. किल्लीकडे त्यांचा हात गेला तेव्हा पडद्याआडून बाई म्हणाल्या, "कळलं नाही. सातवा परत सांगा."

काकांनी परत सांगितला, तसाच.

"परत."

तिसऱ्यांदाही सांगितला. या वेळी "की" लांबला नाही.

"नाही हो कळत," बाई म्हणाल्या. "उद्या सकाळी पालिकेतच जाऊन विचारते. हरकत कुठे सांगायची असते?"

काकांनी किल्लीवरचा हात काढून घेतला. मग म्हणाले, "तिसऱ्या मजल्यावर. जिन्यात दिवा नाही. जपून या."

माइक चालूच राहिला होता. कर्ण्यातून ते "जपून या" पार न्हाव्याच्या दुकानापर्यंत गेलं, आणि एवढ्या वर्षांत पालिकेचं म्हणता येणार नाही असं ते पहिलंच वाक्य असावं. काकांनी घाईघाईत बटण दाबलं आणि गाडी अशी काढली की मला गाठता येईना.

घरी मी वाद घातला, तुम्ही पदरचं बोललात म्हणून. पैज खोकल्याची होती, ते म्हणाले, आणि ते खरंच होतं. मग त्यांनी सांगितलं: सकाळी माझी फेरी असते, बाईंना जिना तू चढव. आणि वाटेत माझ्या आवाजात एक शब्द काढायचा नाही.

मी गेले. बाईंचा हात सुयांनी खरखरीत झालेला, पकड घट्ट. पहिल्या मजल्यावर म्हणाल्या, पाण्याचं खोटं सांगणारी ती तूच. मी माझ्याच आवाजात हो म्हटलं. दुसऱ्या मजल्यावर त्या दम खायला थांबल्या आणि काका दिसायला कसे आहेत ते विचारलं.

मी तोंड उघडलं. उंची सांगितली, टोपी सांगितली. मग नाक आठवू लागले, डोळे आठवू लागले. रोज आमच्या जिन्यावरून जाणारा माणूस, ज्याचा श्वासन् श्वास मला काढून दाखवता येतो, त्याचा चेहरा काही मला सांगता येईना.

"असू दे," बाई म्हणाल्या, "चल, अजून एक मजला आहे."