अम्मीचे हातमोजे

कापसाने लागोपाठ दगा दिला त्या वर्षांत घाटंजीतल्या लोकांनी मोटारपंप दुरुस्तीला आणणंच सोडलं. अब्बांचं दुकान बंद पडलं आणि अम्मी कापूस वेचायला निघाली. मी सातवीत होते. सुट्टीच्या दिवशी तिच्याबरोबर जायचे.

अम्मीला कपड्यांची भारी हौस. बुरखा काळाच, पण त्याच्या बाह्यांवर तिने स्वतः गर्द लाल रेशमाची वेल काढली होती. मोहल्ल्यातल्या बायका तिला थांबवून ती बघायच्या. पहिल्याच दिवशी वाळक्या बोंडांच्या टोकांत तो बुरखा अडकला आणि टर्रकन फाटला. अम्मी कापसाच्या पऱ्हाटीत तशीच उभी राहिली.

शेतमालकीण घरी जाऊन नवऱ्याचा लांब बाह्यांचा शर्ट घेऊन आली. "भाभी, हा घाला. आमी समद्याच घालतो."

खरंच, प्रत्येकीच्या लुगड्यावर पुरुषी शर्ट होता, डोक्याला फडकं, नाकतोंड बांधलेलं. कुणाच्या कपाळाला कुंकू आहे, कुणाच्या नाही, काही कळत नव्हतं. अम्मी मला हळूच म्हणाली, "यहां तो सबच परदे में हैं." आणि कितीतरी दिवसांनी हसली.

तिने तो शर्ट खांद्यात आत घेतला, मनगटाला इलास्टिक लावलं. ते बघून आठवड्याभरात तिघीचौघींनी आपापले शर्ट तिच्याकडे आणून टाकले.

मग तिचे हात जळजळायला लागले. आधी पुरळ, मग फोड, मग कातडी सुटून यायला लागली. यवतमाळच्या दवाखान्यात डॉक्टरांनी अंगावर काय घालता ते खोदून विचारलं. तेव्हा कळलं, मालकिणीचा नवरा तोच शर्ट घालून फवारणी करायचा. औषध कापडात मुरलं होतं.

मालकीण दवाखान्यात भेटायला आली ती रडतच. "म्या दोनदा धुतलता वं भाभी!"

अम्मी म्हणाली, "मुझे छोड़ो. अपने घरवाले को दिखाओ. वो तो रोज पहनता था ना?"

मालकिणीचं रडणं एकदम थांबलं. ती पदर सावरत तशीच निघाली. पुढे त्या माणसाला डोळ्यांनी नीट दिसेनासं झालं.

घरी आलो तर अब्बांचे थोरले भाऊ, मोठे अब्बा, बसलेले. "पराए मर्द का कपड़ा पहना. देख लिया अंजाम?" अब्बा खाली मान घालून ऐकत राहिले. त्यांनी एक शब्द बोलायला हवा होता. मी अजून त्यांना त्याबद्दल माफ केलेलं नाही.

हात भरून आले, पण कातडी गोळा होऊन राहिली. अम्मी कोपरापर्यंत काळे हातमोजे घालायला लागली, वैशाखातसुद्धा. घरी तिला कुणी कधी विचारलं नाही.

गेल्या वर्षी नात्यातल्या एका लग्नात कुणाची तरी नवी सून तिच्याशेजारी येऊन बसली. "खाला, आप कितनी दीनदार हैं! इतका कडक परदा! मला पण असेच हातमोजे पाहिजेत. कुठून घेतले?"

अम्मीने तिला दुकान कुठे आहे ते नीट समजावून सांगितलं. मग माझ्याकडे न बघताच चमचा मागितला आणि हातमोजे न काढता जेवायला लागली.