टाकीतलं कोमट पाणी

मुलांनो, माझ्या कॉलेजच्या जर्नलमध्ये एकही लाल रेघ नाही, याचं तुम्हाला कौतुक आहे. ते कसं साधलं, ते आज लिहिते.

सत्तरच्या दशकात सोलापुरात फिजिक्सला आम्ही दोघीच मुली होतो. माझी जोडीदारीण विणकरांच्या घरातली, घरी तेलुगू बोलणारी. नापास झालीस तर घरी बसून मागासाठी सुताच्या कांड्या भर, असं तिला वडिलांनी बजावलं होतं.

उपकरणं कमी, म्हणून एप्रिलमधल्या वार्षिक प्रॅक्टिकलला आम्हां दोघींत एकच प्रयोग आला: पाण्यातल्या अल्ट्रासॉनिक लहरींचा वेग काढायचा. भांड्याच्या तळाशी क्वार्ट्‌झचा स्फटिक लहरी सोडतो, वरची चकती त्या परतवते. स्क्रूने चकती उचलत नेली की जाणाऱ्या-येणाऱ्या लहरी ठरावीक अंतरावर जुळतात आणि मीटरची सुई उसळते. दोन उसळ्यांमधलं अंतर म्हणजे अर्धी तरंगलांबी. त्यावरून वेग निघतो.

ती स्क्रू फिरवत होती, मी कच्च्या कागदावर आकडे टिपत होते. उत्तर आलं सेकंदाला पंधराशे अठ्ठावीस मीटर. पुस्तकात होतं चौदाशे ब्याऐंशी. मी वहीत पुस्तकातलं उत्तर घेतलं आणि उलटं गणित करून आकडे बसवले. सगळेच बसवायचे.

"तूपण बदल," मी कुजबुजले.

"का म्हणून? पुस्तकातलं पाणी नि आपलं पाणी एकच हाय काय गं?"

"मग बस कांड्या भरत."

"बसते की! तू चादर न्यायला ये."

परीक्षकांनी दोन्ही वह्या शेजारी ठेवल्या. तिला म्हणाले, "स्क्रूसुद्धा धरता येत नाही?"

"सर, कच्चा कागद हिच्याजवळ हाय. बघा की."

कागद माझ्या मुठीत होता.

"नाही सर," मी म्हणाले, "मी थेट वहीतच लिहिलं."

ती नापास झाली, आणि पुन्हा परीक्षेला बसली नाही.

काही वर्षांनी मी त्याच कॉलेजात तोच प्रयोग शिकवत होते. एप्रिल होता. भांड्यात गच्चीवरच्या टाकीचं पाणी होतं, आमच्या वेळेसारखंच. सहज थर्मामीटर बुडवला. चाळीस अंश. पुस्तकातला आकडा वीस अंशांचा होता. कोष्टकात चाळिसासमोर पंधराशे एकोणतीस लिहिलेलं होतं.

त्या संध्याकाळी तिला सांगायला गेले. गल्लीत मागांचा खडखडाट चालू होता. दारात बसून ती कांड्या भरत होती. तिने मान वर करायच्या आत मी मागे वळले. चादर न्यायला आले, एवढं तरी म्हणता आलं असतं.