नागोजीनं कापलेलं शीड

माझा धाकटा भाऊ नागोजी यशवंतपूरच्या बाजारात पस्तीस वर्षं लॉरीच्या ताडपत्र्या शिवतोय. समुद्र त्यानं जन्मात एकदा बघितला, तोही वऱ्हाडाबरोबर, आणि खारट आहे म्हणत परत आला. पण वाऱ्याचं त्याला कळतं बघ. कांद्याची लॉरी घाटात गेली की वारं कुठल्या कोपऱ्यातून आत शिरेल, ते तो शेडात बसून सांगतो.

त्याची एक खोड आहे. ताडपत्री शिवायला कुणी आलं की लॉरी केवढी, हे आधी विचारत नाही. विचारतो, "बांधणार कोण?" ड्रायव्हर एकटा असला तर दोन तुकडे करून देतो, क्लीनर बरोबर असला तर अख्खी. मी म्हणायचे, "अरे, गिऱ्हाइकाचे दंड मोजतोस काय रे?"

"अक्का, ताडपत्री लॉरीच्या मापाची नसते, माणसाच्या मापाची असते."

गेल्या आषाढात मी त्याचा डबा घेऊन गेले, तर मारतहळ्ळीहून, म्हणजे गावाच्या पार दुसऱ्या टोकाहून, एक जोडपं आलेलं. यशोवर्धन आणि त्याची बायको ईरा. मूळचे पुण्याचे, दोघं कंप्यूटरवाले. त्यांनी शिडाची होडी घेतलीय आणि ठेवलीय कारवारला. आपल्या गावच्या तळ्यात पाण्यापेक्षा फेस जास्त, मग काय करतील! होडीचं पुढचं शीड मागच्या कडेला फाटलं होतं. हे तिकोनी कापड, डोलकाठीच्या पुढं लावायचं, पण इतकं मोठं की काठी ओलांडून पार मागं यायचं.

यशोवर्धन म्हणाला, "काका, तुकडा लावून पुन्हा होतं तेवढं करून द्या. दीडशे टक्के, म्हणजे होडीच्या टोकापासून काठीपर्यंतच्या जागेच्या दीडपट."

"एवढं कशाला साहेब?"

"वेग हवा ना! आमच्या ऑफिसात शंभर टक्के दिले तर आळशी म्हणतात."

ईरानं गुपचूप तळहात पुढं केला. शिडाच्या दोरीनं सोललेला, अजून लाल. म्हणाली, "यश, शेवटचं सांगते. येत्या डिसेंबरात ही दोरी मला ओढता आली नाही, तर मी होडीत पाय ठेवणार नाही. विकून टाक."

म्हणजे होडी राहते की जाते, ते त्या कापडावर येऊन थांबलं. हा सुकाणू धरणार, दोरी तिनं ओढायची. सुकाणू धरलं की फोटो चांगला येतो म्हणे.

नागोजीनं विचारलंच, "बांधणार कोण?"

त्या पोरानं लॅपटॉप उघडला. होडीची लांबी, काठीची उंची, वाऱ्याची सरासरी, सगळं मांडलेलं. नागोजी म्हणाला, "सरासरी म्हणजे?"

"सकाळी वारा अगदी कमी, दुपारी फार. दोन्ही मिळून मधला काढला."

"मग हे मधलं वारं वाहतं कधी?"

पोरगा आकडे खालीवर करायला लागला. नागोजीनं पडद्यावर बोट फिरवलं, "आणि ह्यात ह्या बाई कुठं आहेत?"

"काका, वारा वाढला की शीड पुढच्या तारेवर गुंडाळून लहान करता येतं."

"ताडपत्री पण येते. अर्धी गुंडाळली की मधे पोट काढते आणि तिथंच वारं धरते."

बोलून ऐकणारं गिऱ्हाईक नव्हतं ते. नागोजीनं शिडाची पुढची कड उभ्या लॉरीला बांधली आणि मागच्या कोपऱ्याची दोरी यशोवर्धनाच्या हातात दिली. आषाढातलं वारं, तुला माहितीय ना, वाळत घातलेली चादर शेजारच्या गल्लीत नेतं. शीड फुगलं. साहेब चार पावलं पळाले आणि कांद्याच्या ढिगात बसले.

"स्वल्प जोर आहे," नागोजी म्हणाला.

हमाल हसले, ईरा तर पोट धरून हसली. मग नागोजीनं मागची कड दुमडून चिमटे लावले आणि दोरी तिला दिली. नाही जमलं. आणखी दुमडलं. तिसऱ्या वेळेला ती पाय रोवून उभी राहिली, दोरी ओढलीन् आणि खांबाला गुंडाळलीन् पण. नागोजीनं तिथं खडूची रेघ मारली.

यशोवर्धन कांद्याची सालं झटकत म्हणाला, "पण सकाळच्या मंद वाऱ्यात होडी रेंगाळेल!"

"रेंगाळेल की. ते खोटं सांगणार नाही. तेवढ्यात कॉफी प्या."

कात्री घेऊन तो ईराकडं बघत राहिला. साहेबाकडं नाही.

"कापा," ती म्हणाली.

चार दिवस लागले. कड दुहेरी केली, कोपऱ्यात पितळी कडी बसवली. शीड घेऊन जाताना त्या पोरानं विचारलं, आता किती टक्के झालं? नागोजी म्हणाला, बाईंच्या हाताएवढं.

डिसेंबरात कारवारहून फोन आला. नागोजी आमच्याकडंच जेवत होता. ईरा ओरडत होती, वाऱ्यात नीट ऐकू येईना, "काका, दुपारची वेळ आहे आणि दोरी माझ्या हातात आहे! होडी विकत नाही आम्ही!"

मागनं नवऱ्याची कुरकुर आली, "त्यांना सांग, मच्छीवाल्यांची होडी आपल्या पुढं गेली."

नागोजी भात कालवत म्हणाला, "जाऊ दे की साहेब. त्यांना मासे विकायचेत."