सर खिडकीबाहेर बघतात

आमच्या सर्व्हरच्या खोलीला एकच खिडकी आहे आणि तिच्यातून दिसते ती फक्त कंपाउंडजवळची बाभळ. ती मला फांदीन् फांदी पाठ आहे, कारण सरांची शिस्त. कुणी पासवर्ड टाकायला लागलं की दुसऱ्यानं तोंड फिरवून खिडकीबाहेर बघायचं. सर म्हणजे आमच्या बियाणं कंपनीतला युनिक्स सर्व्हर सांभाळणारे, माझे गुरू. उगवण चाचणीचे सगळे निकाल त्या मशीनवर असतात. निकाल छापून निघाल्याशिवाय बियाण्याची एक पिशवी गेटबाहेर जात नाही.

सरांची दुसरी शिस्त अशी, की मशीन सांभाळणारा माणूस कंपनी सोडून गेला की त्याच दिवशी रूटचा पासवर्ड बदलायचा. रूट म्हणजे मशीनचा मालक. बाकी आम्ही सगळे भाडेकरू.

सर निवृत्त झाले त्या दिवशी खाली मंडपात माइक खरखरत होता आणि सर वर या खोलीत खुर्चीत बसले होते. म्हणाले, "माणूस जातोय बाळ, पासवर्ड बदलायला पाहिजे." जाणारा माणूस ते स्वतःच होते, पण नियम म्हणजे नियम. त्यांनी नवा पासवर्ड टाकला आणि मी इमानेइतबारे बाभळीकडे बघत राहिले. "आता तुला सांगतो," असं ते म्हणताहेत तोवर मॅनेजर साहेब दारात हजर. "चला सर, सगळे खोळंबलेत!" मग शाल, नारळ, भाषणं, फोटो. सर रडले, मी त्यांच्याहून जास्त रडले आणि सांगायचं-विचारायचं दोघंही विसरलो.

रोजच्या कामाला माझं साधं खातं पुरत होतं, म्हणून कुणाला काही कळलं नाही. कळलं ते नेमकं पेरणीच्या तोंडावर. डिस्क गच्च भरली, निकाल छापणं बंद पडलं आणि जुना पसारा काढायला रूटच पाहिजे. मी पडेगावला सरांच्या घरी फोन लावला.

"सर, रूटचा पासवर्ड काय?"

"तुला सांगितला नव्हता का मी?"

"नाय ना सर! तुम्ही शाल घ्यायला गेलात."

तिकडून कपाळावर हात मारल्याचा आवाज आला. मग हळूच, "अरे देवा. मला आता काहीच आठवत नाही गं."

"गाडीचा नंबर, नातवाचं नाव, असलं काही?"

"अंदाजानं सापडण्यासारखा मी कधी ठेवीन का?" हे बोलताना त्यांच्या आवाजात चक्क अभिमान होता. माझं डोकंच फिरलं. फोन आपटला असता, पण मोबाइल माझाच होता.

गेटवर ट्रकांची रांग लागली. वॉचमन येऊन म्हणाला, "मॅडम, डायवर लोगां लई कावलेत." साहेब तर सरळच बोलले, "आज चालू झालं नाही तर हे काम पुण्याच्या लोकांना देतो. तुम्हाला मग पॅकिंगला जावं लागेल." सरांची खुर्ची मला मिळाली म्हणून आईनं लासूर स्टेशनला आख्ख्या गल्लीत पेढे वाटले होते. आता ती खुर्चीच जाणार होती.

उपाय पुस्तकात वाचलेला होता. मशीन बंद करून चालू करायचं, ते उठत असताना मध्येच अडवायचं आणि सुरुवातीच्या ओळीत दोन शब्द जोडायचे. मग ते पासवर्ड न विचारता रूट म्हणून आत घेतं. वाचलं होतं, केलं कधीच नव्हतं. तेवढ्यात सर रिक्षानं आले, घामाघूम. मला हायसं वाटलं, आता तेच बघतील. पण ते खुर्चीत न बसता स्टुलावर बसले. "तू कर," म्हणाले.

मशीन बंद केलं. पंखे थांबले आणि खोली एवढी शांत झाली की मला भीतीच वाटली. पुन्हा चालू केलं, वेळेवर अडवलं, शब्द जोडले. आत! मी खुशीत नवा पासवर्ड टाकला. सर माझ्या बोटांकडे टक लावून बघत होते, शिकवणारा बघतोच. मशीननं सांगितलं, बदलता येत नाही. परत टाकला. परत तेच. मी सरांकडे बघितलं. त्यांनी तोंड उघडलं, मिटलं आणि रिकाम्या कपातून चहाचा घोट घेतला. 'अहो, सांगा की!' असं ओरडावंसं वाटलं.

आणि एकदम लक्षात आलं. अशा वाटेनं आत शिरलं की डिस्क फक्त वाचण्यापुरती उघडते. लिहायची मुभा मी दिलीच नव्हती.

"सर, लिहायचं राहिलं!"

"मी कुठं काय बोललो?" सर हसू दाबत म्हणाले.

पुढं सगळं सुरळीत झालं, ट्रक अंधार पडायच्या आत सुटले, खुर्चीही राहिली. पण मला आठवतो तो त्याआधीचा क्षण. लिहायची मुभा देऊन मी आता वेगळ्याच पासवर्डसाठी बोटं टेकवली आणि मागं स्टूल करकरलं. सर उठले होते. खिडकीशी जाऊन, माझ्याकडे पाठ करून, बाभळीकडे बघत उभे राहिले होते.

"सर, बघा की. तुम्हाला पण माहीत असू द्या."

"छे. मी बाहेरचा माणूस आता."

मला भरून आलं. पासवर्ड दोनदा टाकावा लागतो, दुसऱ्यांदा कीबोर्डवरची अक्षरं दिसेनात आणि चुकलाच.

"झालं का गं?"

"नाय सर. वळू नका अजून," मी म्हटलं आणि डोळे पुसून पुन्हा टाकायला घेतला.