नाव सांगायचं न्हाई

जी चळवळ यशस्वी होते तिचे सत्कार होतात, फसते तिचे किस्से होतात. आमच्याकडे किस्सेच जास्त जमलेत. जनगणनेत माणसाची खाजगी माहिती चारचौघांत विचारू नका, मोबाइल नंबर मागू नका, एवढं सांगण्यासाठी आम्ही तिघांनी कळमनुरीत दोन वर्षं घसा कोरडा केला. तिघं म्हणजे रिटायर झालेले गुरुजी, कोर्टात प्रॅक्टिस करणाऱ्या वकीलबाई आणि मी. माझं झेरॉक्सचं दुकान आहे. आमचं ऑफिसही तेच, मशीनच्या मागे तीन स्टुलं.

लोक आम्हाला हसायचे. हसण्यासारखंच होतं म्हणा. चंद्रकलाचं सोडून.

* * *

मी यात पडलो ते भज्यांमुळे. बाजाराच्या दिवशी गाड्यावरून भजी घेतली, कागद उलगडला, तर एक म्हातारी माझ्याकडे बघतेय. आधार कार्डाची झेरॉक्स! कॉपी काळी आली म्हणून मीच बाजूला टाकलेली. खराब कॉप्या मी सरळ रद्दीत देत होतो.

भजीवाल्याला म्हटलं, "अरे, हे काय?"

तो म्हणाला, "तुमच्याच दुकानातला कागद हाय मालक. जाड असतो, तेल पेत न्हाई."

तेव्हापासून खराब कॉपी मी फाडतो. पण त्याआधीच्या पंधरा वर्षांत कुणाकुणाच्या माहितीवर लोकांनी भजी खाल्ली, कोण जाणे.

* * *

गुरुजींचं कारण जड होतं. तीन जनगणना त्यांनी हातानं लिहिलेल्या. मागच्या वेळी डोंगरकडा गावात एका अंगणात बसले होते, भोवती अर्धी गल्ली गोळा. किती लेकरं झाली आणि किती जिवंत आहेत, असा प्रश्न होता. घरातली सून म्हणाली, "झाली चार, हायेत दोन."

सासू मागून म्हणाली, "तीनच झाली की."

सून खाली बघत म्हणाली, "चार."

गुरुजींनी चार लिहिलं. आठवड्याच्या आत त्या सुनेला माहेरी धाडली. चौथं लेकरू लग्नाआधीचं की आणखी काही, हे गुरुजींना आजही माहीत नाही. ते एवढंच म्हणतात, "मी बराबर लिहिलं. फक्त मोठ्यानं विचारलं."

* * *

आमची पहिली सभा. गुरुजी तासभर बोलले, मोबाइल नंबर कुणालाही देऊ नका म्हणून. पुढे पंधरावीस माणसं होती. सभा संपल्यावर गुरुजींनी सवयीनं हजेरीचा कागद फिरवला. नाव, गाव, मोबाइल नंबर, सही.

सगळ्यांनी निमूट भरला. एक म्हातारे कागद घेऊन तसेच बसून राहिले. मी म्हटलं, "बाबा, लिहिता येत नाही का? मी लिहितो."

"लिवता येतंय," म्हातारे म्हणाले. "पर तुमीच आत्ता काय सांगून राहिले होते?"

कागद परत देऊन ते निघून गेले. आमचं म्हणणं कळलेला तो एकच माणूस, आणि हजेरीत तोच नाही.

* * *

चंद्रकला वकीलबाईंकडे आली ती डोंगरकड्याच्या मावशीला घेऊन. मावशीकडे मेंढरं. चंद्रकला नवऱ्याच्या मारातून पळून आलेली, वर्षभर मावशीच्या मेंढरांमागे हिंडून दिवस काढत होती. नवरा शेजारच्या तालुक्यातला, तिला हुडकत होता. तिला एकच भीती. मोजायला येणारे मावशीच्या घरात तिचं नाव लिहितील आणि ते फिरत फिरत त्याच्या कानावर जाईल.

वकीलबाईंनी कायद्याचं पुस्तक काढलं. घरातल्या बाईचं नाव सांगायची सक्ती कुणावर नाही, आणि रीत म्हणून जी बाई नवऱ्याचं नाव घेत नाही तिच्यावर ते घेण्याचीही सक्ती नाही. कायद्यात तसं लिहिलेलंच आहे. आम्हालाही त्या दिवशीच कळलं.

चंद्रकला पहिल्यांदा हसली. "आमी नवऱ्याचं नाव घेत न्हाई, हे सरकारला बी ठावं हाय व्हय?"

मग म्हणाली, "मी त्याचं नाव घेतलं न्हाई तर चालतंय. आन त्यानं माझं घेतलं तर?"

वकीलबाईंनी पानं पुढे उलटली, मागे उलटली. म्हणाल्या, "बघून सांगते."

* * *

आता आमची सगळ्यात मोठी अक्कल. ज्यांना एकट्यानं, गल्लीला न ऐकवता माहिती द्यायची आहे त्यांच्या दारावर गेरूनं छोटा गोल काढायचा, म्हणजे मोजणाऱ्याला कळेल. कल्पना गुरुजींची. तीन जनगणना दारांवर गेरूनं नंबर टाकलेला माणूस, त्याला दुसरं काय सुचणार? मीही मान हलवली. वकीलबाई त्या दिवशी नांदेडला होत्या.

डोंगरकड्यात गोल काढून घ्यायला तीन घरं तयार झाली. त्यात एक मावशीचं.

आठच दिवसांत गल्लीतली एक बाई गुरुजींना वाटेत गाठून विचारते, "गुरुजी, त्या तीन घरांत काय हाय ओ?"

इतके दिवस त्या घरांकडे कुणी बघितलंही नव्हतं. आता येणारा-जाणारा मावशीच्या दारापाशी थांबून आत वाकायला लागला. पाहुण्यारावळ्यांत बोलणं गेलं, आणि महिना व्हायच्या आत चंद्रकलाचा दीर दारात उभा. नशीब, ती रानात होती. मावशी उंबऱ्यात आडवी झाली. म्हणाली, "माझ्या घरात मेंढरं हायेत. मोजायची तर मोज."

तो गेला, पण पुन्हा येणार हे उघड होतं. त्याच दिवशी आम्ही चंद्रकलाला कनेरगाव नाक्यावर नेऊन सोडलं. वकीलबाईंच्या ओळखीच्या एका बाईचा तिथं ढाबा आहे, भाकरी थापायला माणूस हवं होतं. वर्षभरात जरा स्थिरावलेल्या बाईला आमच्यामुळे दुसऱ्यांदा पळावं लागलं. मला त्याची आजही लाज वाटते.

गुरुजी ओलं पोतं घेऊन तिन्ही दारं घासून आले. गेरू निघाला. पण बाकीचं दार धुळीचं आणि तेवढाच गोल स्वच्छ. लांबूनही दिसायचा.

* * *

मग जनगणना आली. मावशीनं घरात दोनच माणसं सांगितली, ती आणि तिचा मुलगा. आम्ही म्हटलं, चला, एवढं तरी साधलं.

गुरुजींचा पुतण्या शिक्षक आहे. त्याला मोजायला जे गाव आलं ते नेमकं चंद्रकलाच्या नवऱ्याचं. त्याला यातलं काहीच माहीत नव्हतं. एक दिवस झेरॉक्सला आला आणि गंमत म्हणून सांगायला लागला. "काका, एका घरात तर मजाच झाली. नवऱ्यानं बायकोचं नाव, वय, शिक्षण, सगळं न विचारता घडाघडा सांगितलं. मी म्हनलं, बाई कुठंय? म्हनला, रानात गेली, येईल इतक्यात, तुमी लिहा. चूल तर कित्येक दिवसांत पेटलेली दिसत नव्हती. काय नाव बरं... चंद्रकला."

दोन वर्षं आम्ही जे सांगत होतो ते त्यानं पाच मिनिटांत मोडलं. त्याला गप्प करायला हवं होतं. आम्ही तिघांनी स्टुलं पुढे ओढली आणि विचारलं, "आणखी काय काय सांगितलं त्यानं?"

दुसऱ्या दिवशी कनेरगाव नाक्याला गेलो. चंद्रकला भाकरी थापत होती. वकीलबाईंनी तिला सगळं सांगितलं.

तिनं तव्यावरची भाकरी उलटली. "म्हंजी कागदावर मी तिथंच हाय?"

"हो."

"त्याच्या घरात?"

"हो गं."

भाकरी फुगली, तिनं ती टोपल्यात टाकली. पुढचा उंडा घेतला आणि हातातच धरून बसली.

"ताई, तिला तिथून काढता येत न्हाई का?"

"कुणाला?"

"त्या कागदावरल्या बाईला. लई मारतो ओ तो."