दोनच दिसतात

सकाळपासून धुकं इतकं दाट, की रस्त्यापलीकडचं दुकान गायब. मास्तरणीनं जुन्या बनियनच्या बोळ्यानं गाडीची काच पुसली, आरसे वळवले आणि शेजारच्या शिकाऊला बजावलं, की आज दुसऱ्या गिअरच्या वर जायचं नाही. हा शिकाऊ म्हणजे निवृत्त पोस्टमन. तो म्हणाला, मला दुसरा तरी कुठं सापडतो.

गाडी शिकवण्यात तिची चौदा वर्षं गेली. शिकाऊशेजारच्या सीटपुढं, पायाशी, तिच्यासाठी जादा क्लच आणि ब्रेक. पळवायचं काम शिकाऊचं, थांबवायचं हिचं.

वय एकोणचाळीस. मूल हवं होतं आणि अंडाशय निघाले कामचुकार, म्हणून टेस्ट ट्यूब बेबीचे उपचार. पहिल्या खेपेला दहा दिवस इंजेक्शनं टोचून एकच बीज वाढीला लागलं, म्हणून डॉक्टरबाईंनी ती खेप अर्ध्यावरच सोडली. दुसऱ्या खेपेला डोस दुप्पट. बीजाच्या पिशव्या दोन दिसल्या आणि दोन्ही रिकाम्या निघाल्या. मग हिचं म्हणणं, आता तिप्पट द्या. डॉक्टरबाई म्हणाल्या, टाकीत असेल तेवढंच पेट्रोल, पाय दाबून ते वाढत नाही. हेच ती शिकाऊंना रोज ऐकवायची. तिसऱ्या खेपेला गोळ्या आणि अगदी मोजकी इंजेक्शनं.

टोचायचं खातं सासूकडे. नवरा सुई बघूनच सोफ्यावर आडवा झालेला. सासूनं उमेदीत गायी सांभाळल्या होत्या, हात पक्का. सुनेच्या पोटाला चिमटा धरून ती दम भरायची, "गायसुद्धा इतकी हलत नाही गं."

त्या दिवशी पोस्टमनला घरी उतरवून ती सासूला घेऊन तपासणीला गेली. टेबलावर पडल्यावर डॉक्टरबाईंनी दोनदा सांगितलं, पाय सैल सोडा. तेव्हा कुठं तिला कळलं, की उजवा पाय तिनं टेबलाच्या दांडीवर जीव खाऊन दाबून धरलाय. पोस्टमन ट्रकवर चालून जातो तेव्हा दाबते तसा.

सोनोग्राफीच्या पडद्यावर दोनच पिशव्या. डॉक्टरबाईंनी आडपडदा ठेवला नाही. याही रिकाम्या निघू शकतात. हवं तर इथंच थांबू, पुढच्या महिन्यात पुन्हा बघू. पण तेव्हा जास्त येतील अशी हमी नाही. सासू कोपऱ्यातल्या स्टुलावर बसली होती.

मास्तरणीनं पाय सैल सोडला. "डॉक्टरबाई, माझ्या बाजूला ब्रेक असतो. कुणी आडवं आलं तर दाबते. गाडी हळू चाललीय म्हणून नाही दाबत. काढा ती दोन."

"एक पुरे झालं," सासू स्टुलावरून म्हणाली. "मला काय डझनभर नातवंडं सांभाळायचीत?"

तीन दिवसांनी बीजं काढली. एक पिशवी रिकामी, दुसरीत एक बीज. दुसऱ्या दिवशी सकाळी लॅबमधून फोन आला, की त्याचा गर्भ धरलाय. वाढतोय कसा, ते दोन दिवसांनी सांगू. तिनं नवऱ्याला फोन लावला, तर तो उचलला सासूनं. सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, जेवलीस का.

ही नाही म्हणाली. मग बॉनेट उघडून वायपरच्या टाकीत पाणी ओतायला लागली.